अंतःशत्रूंचा पराभव : सप्तशतीतील एका व्यापाऱ्याची कथा

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



संस्थेला पन्नास वर्षे पूर्ण होत असताना आपण मला बोलावलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. विषय कोणता घ्यावा हे आपण माझ्यावरच सोपवले होते. मी 'पुराणकथा आणि अंतःशत्रू' असा विषय कळवला, तेव्हा एका ज्येष्ठ विश्वस्तांनी सौम्यपणे विचारले, "आमच्या व्यासपीठावर पुराणातले असुर कशासाठी?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देऊनच पुढे जावे, हे बरे.

या प्रश्नाची दोन उत्तरे जैन आचार्यांनीच शतकांपूर्वी देऊन ठेवली आहेत. आठव्या शतकातील आचार्य हरिभद्रसूरींनी 'धूर्ताख्यान' लिहिले. उज्जयिनीत जमलेले काही धूर्त एकमेकांना अशक्य कोटीतल्या गोष्टी सांगतात, आणि प्रत्येक अशक्य गोष्टीला पुराणातलाच दाखला देतात. पुराणकथा शब्दशः घटना म्हणून घेतली तर बुद्धीला काय काय गिळावे लागते, हे आचार्यांनी हसत हसत दाखवले. दुसरे उत्तर विमलसूरींचे. त्यांचे 'पउमचरिय' हे रामचरित आपल्या मराठीची पूर्वज मानल्या जाणाऱ्या महाराष्ट्री प्राकृतात आहे. तेथे रावण दहा डोक्यांचा राक्षस नाही. बालपणी त्याच्या गळ्यातील रत्नहारात त्याच्या मुखाची नऊ प्रतिबिंबे दिसली, म्हणून तो दशमुख. एरवी तो विद्यावान, व्रते पाळणारा विद्याधर आहे, आणि एका विकारापुढे त्याचे सारे विद्याबळ व्यर्थ ठरते. म्हणजे कथेतला अद्भुताचा भाग बाजूला सारला तर उरतो तो माणूस आणि त्याचा विकार.

आज मी याच दृष्टीने 'दुर्गासप्तशती' आपल्यापुढे ठेवणार आहे. मार्कंडेय पुराणातील तेरा अध्यायांचा हा भाग. सातशे मंत्रांचा म्हणून सप्तशती. नवरात्रात महाराष्ट्रातल्या असंख्य घरी त्याचा पाठ होतो. नाशिक जिल्ह्यात वणीच्या गडावर सप्तशृंगी देवी अठरा हातांनी उभी आहे, ती याच ग्रंथातील महिषासुरमर्दिनी. समोरच्या डोंगराला लोक मार्कंडेय पर्वत म्हणतात.

या ग्रंथात युद्ध आहे, रक्त आहे. अहिंसा हाच ज्यांचा परम धर्म, त्यांनी तो कसा वाचावा? याचेही उत्तर आपल्याच परंपरेत आहे. राजस्थानात जोधपूरजवळ ओसियां येथे सच्चियाय मातेचे मंदिर आहे. तेथील मूर्ती महिषासुरमर्दिनीची. ओसवाल परंपरा सांगते की आचार्य रत्नप्रभसूरींनी तेथील चामुंडेपुढचे पशुबळी थांबवले, देवीने सात्त्विक नैवेद्य स्वीकारला आणि ती 'सच्चिका' झाली. देवी राहिली, तिच्या हातातले शस्त्रही राहिले. बदलला तो शस्त्राचा रोख. पशूची मान त्याच्यापुढून हटली आणि पशुत्व समोर आले. आजचे माझे विवेचन त्याच रोखाने आहे.

राजा आणि व्यापारी

सप्तशतीची सुरुवात युद्धाने होत नाही. ती होते दोन दुःखी माणसांच्या भेटीने.

सुरथ नावाचा राजा. शत्रूंनी त्याला हरवले, आणि राजधानीत परतल्यावर त्याच्याच मंत्र्यांनी कोश आणि सैन्य हिरावून घेतले. शिकारीचे निमित्त करून तो एकटा घोड्यावर बसून रानात निघून गेला आणि मेधा ऋषींच्या आश्रमात राहिला. प्राण वाचले होते, आश्रमात शांती होती. पण राजाच्या मनात काय चालले होते? माझ्या त्या हत्तीला वेळेवर चारा मिळत असेल का? मी इतक्या कष्टाने साठवलेला खजिना ती उधळी माणसे संपवून टाकतील का? राज्य गेले, पण राज्याची काळजी गेली नाही.

तेथे त्याला एक व्यापारी भेटला. त्याचे नाव समाधी, जातीने वैश्य. श्रीमंत घरात जन्मलेला हा गृहस्थ बायकोने आणि मुलांनी धनाच्या लोभाने घराबाहेर काढला होता. आणि तो झाडाखाली बसून कसली चिंता करत होता? ज्यांनी त्याला हाकलले ते घरी कुशल असतील ना, मुले चांगल्या वळणाने चालली असतील ना, याची!

राजाने त्याला विचारले, "ज्यांनी तुला बाहेर काढले त्यांच्याविषयी तुझे मन अजून का ओढ घेते?" समाधी म्हणाला, की मलाही तेच कळत नाही; मन निष्ठुर होतच नाही. मग दोघे ऋषींकडे गेले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला : आम्ही दोघेही समजदार आहोत, हे दुःखाचे मूळ आहे हे आम्हाला दिसते आहे, तरीही हा मोह का सुटत नाही?

श्रोतेहो, सारी सप्तशती या एका प्रश्नाचे उत्तर आहे. पुढचे सारे असुर या दोघांना समजावण्यासाठी आले आहेत. ऋषी त्यांना पक्ष्यांचा दाखला देतात. पक्षी स्वतः भुकेला असतो, तरी चोचीतला दाणा पिल्लाच्या चोचीत घालतो. माणूसही मुलांवर जीव लावतो, पण त्यात पुढच्या उपकाराची अपेक्षा असते. जाणणे आणि सुटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे ऋषींना सांगायचे आहे. आपल्या परिभाषेत बोलायचे तर मोहनीय कर्म केवळ माहितीने क्षीण होत नाही. आपल्यापैकी कितीतरी जणांना कषायांची नावे, प्रकार, उपप्रकार तोंडपाठ आहेत. तरीही दुकानाच्या गादीवर बसल्यावर किंवा वाटणीचा कागद समोर आल्यावर काय होते, हे ज्याचे त्याला ठाऊक आहे.

कानातला मळ

पहिली कथा मधु आणि कैटभ यांची. प्रलयकाळी सर्वत्र पाणी भरले आहे, विष्णू शेषावर योगनिद्रेत आहेत, आणि त्यांच्या कानातल्या मळापासून दोन असुर जन्मतात. जन्मताच ते नाभिकमळावरील ब्रह्मदेवाला खायला धावतात.

कथाकाराने जागा किती नेमकी निवडली आहे! विकार जन्मतो तो झोपेत, आणि जन्मतो कानात. जे ऐकले आणि साफ केले नाही, त्याचाच मळ होतो. कोणीतरी कोणाविषयी काही सांगितले, आपण ते पारखून पाहिले नाही, टाकूनही दिले नाही, ते साचले. मग एका दिवशी ते मोठे होऊन आपल्याच निर्मळ बुद्धीवर धावून येते. घरातली, भावकीतली आणि संस्थांतलीही बहुतेक भांडणे कानातून जन्मलेली असतात.

ब्रह्मदेव या असुरांशी लढत नाहीत. ते योगनिद्रेची स्तुती करतात, निद्रा विष्णूंच्या नेत्रांतून दूर होते आणि मग युद्ध सुरू होते. म्हणजे पहिला उपाय जागे होणे. भगवान महावीरांनी गौतमस्वामींना क्षणभरही प्रमाद करू नकोस असे पुन्हा पुन्हा सांगितले. उत्तराध्ययन सूत्राचे दहावे अध्ययन याच उपदेशाचे आहे. गौतमस्वामींसारख्या ज्ञानी गणधरांना हे सांगावे लागले, यावरून प्रमाद किती सूक्ष्म असतो ते कळते.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. पाच हजार वर्षे बाहुयुद्ध चालूनही ते असुर बळाने हरले नाहीत. ते हरले गर्वाने. आपल्या पराक्रमावर खूष होऊन तेच विष्णूंना म्हणाले, "आमच्याकडून वर माग!" विष्णूंनी त्यांचा मृत्यूच मागून घेतला. दुसऱ्याला देण्याची ऐट हीसुद्धा माणसाला कशी बुडवते, ते येथे दिसते. या 'वर' शब्दाकडे आपण शेवटी पुन्हा वळणार आहोत.

रूपे बदलणारा महिष

दुसरी कथा महिषासुराची. त्याने देवांना स्वर्गातून हुसकले. एकेका देवाचे बळ अपुरे पडले तेव्हा सर्वांच्या शरीरांतून तेज बाहेर पडले, ते एकत्र आले आणि त्यातून देवी प्रकटली. प्रत्येकाने आपले शस्त्र तिला दिले. हिमालयाने सिंह दिला.

युद्धात देवीने पाश टाकून रेड्याला बांधले, तेव्हा त्याने रेड्याचे रूप टाकले आणि तो सिंह झाला. सिंहाचे मस्तक तोडावे तर खड्गधारी पुरुष झाला. त्याच्यावर बाण सोडावेत तर हत्ती झाला. हत्तीची सोंड तुटली तर पुन्हा रेडा. शेवटी देवीने त्याला पायाखाली दाबले आणि तो स्वतःच्या मुखातून अर्धा बाहेर आलेला असताना, म्हणजे रूप बदलण्याच्या क्षणीच, त्याचा वध झाला.

विकाराची खरी शक्ती वेषांतरात असते. समजा, एका श्रावकाने क्रोध आवरायचे ठरवले. तो बोलायचा थांबला. घरात सर्वांना वाटले, केवढा शांत झाला! पण आता तो मौन धरून इतरांना तुच्छ लेखू लागला. क्रोधाचा मान झाला. कोणी ते दाखवून दिले तर तो वरून नम्र आणि आतून हिशेबी झाला. मानाची माया झाली. पुढे "मी किती बदललो" ही कीर्ती त्याला हवीशी वाटू लागली. मायेचा लोभ झाला. क्रोध, मान, माया, लोभ ही चार नावे आहेत, पण पाशात सापडलेला रेडा तोच.

दहाव्या शतकाच्या आरंभी, 906 साली, भिनमाळ येथे सिद्धर्षींनी 'उपमितिभवप्रपंचा कथा' पूर्ण केली. त्यात क्रोध हा वैश्वानर नावाचा एक सवंगडी आहे आणि मान हा शैलराज. रिपुदारण नावाच्या राजपुत्राला हा शैलराज आपला हितकर्ता मित्र वाटतो. विकार शत्रूच्या वेषात आला असता तर आपण सावध झालो असतो. तो बालमित्राच्या वेषात येतो, 'स्वाभिमान' असे गोड नाव धारण करतो, म्हणून आपण त्याला घरात घेतो.

दशवैकालिक सूत्रात चार कषायांवर चार वेगवेगळे उपाय सांगितले आहेत : क्रोधावर उपशम, मानावर मृदुता, मायेवर ऋजुता आणि लोभावर संतोष. देवीच्या हातांत वेगवेगळी शस्त्रे का, याचे उत्तर मला तेथे मिळते. रूप बदलले की शस्त्रही बदलावे लागते. आणि सर्व देवांचे तेज एकत्र करावे लागते. स्वाध्याय करणाऱ्याला केवळ स्वाध्यायाने, उपवास करणाऱ्याला केवळ उपवासाने हा रेडा सापडत नाही.

रक्तबीज

तिसरी कथा शुंभ-निशुंभांची. तिची सुरुवात लोभाने होते. शुंभाकडे ऐरावत आहे, पारिजात आहे, उच्चैःश्रवा घोडा आहे, कुबेराचा निधी आहे. चंड-मुंड हे त्याचे सेवक त्याला येऊन सांगतात, की महाराज, सर्व रत्ने आपल्यापाशी आहेत, एकच तेवढे नाही. त्या क्षणापर्यंत शुंभाला कशाची उणीव नव्हती. उणीव त्याला दुसऱ्याने दाखवून दिली. आज हे काम घराघरांतले दूरदर्शन संच आणि हातातले मोबाईल दिवसरात्र करीत आहेत.

याच युद्धात रक्तबीज येतो. त्याच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की तेथून त्याच्याच बळाचा नवा असुर उभा राहतो. मातृका त्याच्यावर वज्र, चक्र, शक्ती यांनी प्रहार करतात. जितके वार जास्त, तितके रक्तबीज जास्त. अखेर देवी चामुंडेला सांगते, की तू मुख पसर आणि रक्त भूमीवर पडण्याआधीच पिऊन टाक. रक्तहीन झाला तेव्हाच तो मेला.

गुणस्थानांचा अभ्यास असलेल्या श्रोत्यांना येथे उपशम श्रेणी आणि क्षपक श्रेणी आठवल्याशिवाय राहणार नाहीत. मोह दाबून वर चढणारा साधक अकराव्या गुणस्थानापर्यंत पोहोचतो आणि तेथून खाली येतो, कारण बीज शिल्लक असते. मोहाचा क्षय करणारा दहाव्यावरून थेट बाराव्यावर जातो. त्याला परत यावे लागत नाही. रक्तबीजावर वार करणे आणि त्याचा थेंब जमिनीला लागू न देणे यांत जे अंतर आहे, तेच दाबणे आणि क्षय करणे यांत आहे.

पण आपण गुणस्थानांच्या त्या उंचीवरून जरा आपल्या अंगणात उतरू. श्वेतांबर कर्मग्रंथांत कषायाच्या चार तीव्रता सांगितल्या आहेत. क्रोधापुरते बोलायचे तर पहिला पाण्यावरच्या रेघेसारखा, तो पंधरा दिवसांत मावळावा. दुसरा वाळूवरच्या रेघेसारखा, त्याची मुदत चार महिने. तिसरा जमिनीच्या भेगेसारखा, त्याची मुदत एक वर्ष. आणि चौथा पर्वताच्या भेगेसारखा, जन्मभर न बुजणारा. त्याला अनंतानुबंधी म्हणतात, आणि तो सम्यक्त्वाचाच घात करतो. पाक्षिक, चातुर्मासिक आणि सांवत्सरिक प्रतिक्रमणाच्या मुदती या मोजमापाशी जुळतात, हे लक्षात आले की संवत्सरीचे गांभीर्य कळते. तो नुसता सण राहत नाही, ती शेवटची तारीख होते. त्या दिवसापलीकडे गेलेले वैर जमिनीला लागलेला थेंब होय.

संवत्सरीच्या संध्याकाळी आपण शेकडो लोकांना 'मिच्छा मि दुक्कडं' चा संदेश पाठवतो. ज्यांच्याशी आपले कधी भांडण झालेच नाही त्यांना तो सर्वांत आधी जातो. ज्या सख्ख्या भावाशी गाळ्याच्या किंवा घराच्या हिश्शावरून कोर्टात तारखा चालू आहेत, त्याचे नाव मात्र यादीत नसते. दोन भाऊ एकाच उपाश्रयात, दोन वेगळ्या कोपऱ्यांत बसून एकच प्रतिक्रमण करतात, आणि बाहेर पडताना दोन वेगळ्या दारांनी जातात. मी कोणा एकाविषयी बोलत नाही. गावोगावचे हे चित्र आहे. रक्तबीजाचे थेंब असेच जमिनीला लागतात, आणि मग पुढच्या पिढीत, ज्यांना भांडणाचे मूळ कारणही ठाऊक नाही अशा चुलत भावांमध्ये, नवे रक्तबीज उभे राहतात.

वर कोणी दिला?

आता मी आजच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. पुराणातील या असुरांना इतके बळ आले कोठून?

उत्तर थक्क करणारे आहे. त्यांना बळ आले तपातून. देवीभागवतात महिषासुराच्या तपाची कथा आहे. त्याने कठोर तप केले, ब्रह्मदेव प्रसन्न झाले आणि त्याने मागितले, की पुरुषाच्या हातून मला मृत्यू नको. स्त्रीची त्याला गणतीच वाटली नाही, आणि तेथेच त्याचा अंत ठरला. हिरण्यकशिपूचे तप प्रसिद्ध आहे. भागवतातील वृकासुर, ज्याला आपण भस्मासुर म्हणतो, त्यानेही आधी घोर तपच केले, आणि मागितले काय, तर ज्याच्या मस्तकावर हात ठेवीन तो मरावा! यातला एकही असुर आळशी नव्हता. तपात ते आपल्यापैकी कोणाहून कमी नव्हते. त्यांचे तप खरे होते. मागणे खोटे होते.

वर देणारा देव जैन दर्शनाला मान्य नाही. पण बारकाईने पाहिले तर पुराणांतही ब्रह्मदेव वर नाकारू शकत नाही. तप केले की फळ द्यावेच लागते, मग मागणारा कोणीही असो. हा कर्माच्या नियमाचाच कथेतला अनुवाद नव्हे काय?

आणि या चुकीच्या मागण्याला आपल्या आगमपरंपरेत नेमका शब्द आहे : निदान. माया, मिथ्यात्व आणि निदान ही तीन शल्ये. व्रती तोच, जो निःशल्य. शल्य म्हणजे आत रुतलेला काटा. वरून जखम भरलेली दिसते, आणि आत काटा कुजत असतो.

याचे सर्वांत हृदयद्रावक उदाहरण दुसऱ्या कोणाचे नाही, स्वतः भगवान महावीरांच्या पूर्वभवांतले आहे. श्वेतांबर परंपरेतील सत्तावीस भवांत विश्वभूती मुनींची कथा येते. तपाने कृश झालेल्या त्या मुनींना गाईचा धक्का लागून ते पडले, आणि त्यांचा चुलत भाऊ विशाखनंदी हसला. इतक्या तपानंतर त्या एका हसण्याने काटा रुतला. या तपाचे फळ म्हणून पुढील भवी मला अपार बळ मिळो, असे निदान मुनींनी केले. बळ मिळाले. ते त्रिपृष्ठ वासुदेव झाले. आणि त्याच बळाच्या मदात त्यांनी शय्यापालकाच्या कानात तापलेला रस ओतवला, नरकगती भोगली. ज्या जीवाला पुढे तीर्थंकर व्हायचे होते, त्यालाही निदानाने सोडले नाही. पुराणातल्या असुराची आणि आपल्या शास्त्रातल्या वासुदेवाची गोष्ट येथे एक होते.

आपल्या समाजात तप भरपूर आहे. अठ्ठाई, मासक्षमण, वर्षीतप यांची परंपरा अन्य समाजांनी हात जोडावेत अशी आहे. दानही विपुल आहे. म्हणूनच हा प्रश्न आपल्यासाठी अधिक महत्त्वाचा आहे. ज्याच्याकडे तपच नाही त्याचा असुर दुबळा राहतो. ज्याच्याकडे तप आणि दान दोन्ही आहे, त्याचे मागणे चुकले तर त्याचा असुर स्वर्ग जिंकू शकतो. दान दिल्यावर नामफलकातील अक्षरे शेजारच्या नावापेक्षा लहान दिसली म्हणून मन दुखावणे, पारण्याच्या वरघोड्यात आपल्या घरच्या तपस्व्याची बग्गी मागे राहिली म्हणून रुसणे, बोलीत हरल्यावर पुढच्या वर्षी मंदिराकडेच पाठ फिरवणे : या गोष्टी क्षुल्लक वाटतात. पण या प्रत्येक ठिकाणी तप झालेले असते, दान झालेले असते, आणि वर मागण्याच्या क्षणी घात होतो.

नामफलक लावू नयेत, मिरवणुका काढू नयेत, असे मी म्हणणार नाही. अनुमोदनेला आपल्या धर्मात मोठे स्थान आहे, आणि एकाचे दान पाहून दुसऱ्याचा हात सैल होतो हेही खरे. प्रश्न फलकाचा नाही. फलक निघाला तर दान देणाऱ्याला दुःख होईल की नाही, एवढाच आहे. त्याचे उत्तर विश्वस्त मंडळ देऊ शकत नाही, ज्याचे त्यानेच एकांतात द्यायचे असते.

व्यापाऱ्याचे मागणे

आता आपण पुन्हा त्या आश्रमात जाऊ. कथा ऐकून सुरथ राजा आणि समाधी वैश्य नदीकाठी तप करायला बसले. दोघांचे तप सारखेच, काळही तोच, तीन वर्षे. देवी प्रसन्न झाली आणि म्हणाली, मागा.

राजाने आपले राज्य परत मागितले. त्याला ते मिळाले, पुढच्या जन्मी सावर्णी मनूचे पदही मिळाले. कथाकार त्याला दोष देत नाही. राजाला राज्य हवेसे वाटणे स्वाभाविक आहे.

आणि व्यापाऱ्याने काय मागितले? त्याचे घर गेले होते, धन गेले होते, बायकामुलांनी हाकलले होते. त्याने त्यातले काहीही परत मागितले नाही. मुलांना धडा शिकवावा, असेही मागितले नाही. त्याने असे ज्ञान मागितले, ज्याने 'मी' आणि 'माझे' यांची आसक्ती तुटते. देवीने ते दिले.

माझ्या बंधूंनो, पुराणकाराने हे मागणे क्षत्रियाच्या तोंडी घातले नाही, ब्राह्मणाच्याही घातले नाही. ते एका व्यापाऱ्याच्या तोंडी घातले. व्यापारी आयुष्यभर जमाखर्च मांडतो. कोणते खाते तोट्याचे आहे हे त्याला इतरांच्या आधी कळायला हवे. समाधीने आयुष्याची वही उघडली आणि त्याला दिसले, की 'माझे' नावाच्या खात्यात जन्मभर भरत राहिलो, आणि तेच खाते बुडीत निघाले. त्याने ते बंद केले. त्याचे नावच समाधी आहे, ही कथाकाराची खूण आहे असे मला वाटते.

घरातल्या ज्येष्ठांनी या व्यापाऱ्याची गोष्ट विशेष मनावर घ्यावी. मुले सून-नातवंडांसह परगावी, परदेशी गेली. धंदा त्यांच्या हाती गेला. सल्ला कोणी विचारत नाही. हे झाडाखालचे बसणे अनेकांच्या वाट्याला येते. तेव्हा दोन मागणी समोर असतात. एक राजाचे : माझी गादी, माझा मान मला परत द्या. दुसरे व्यापाऱ्याचे. पहिले मागणारा घरात रोज एक लढाई लढतो. दुसरे मागणारा घरात राहूनही मोकळा होतो, आणि गंमत अशी की मग घरच त्याच्याभोवती गोळा होते.

संस्थेलाही हाच प्रश्न आहे. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी ही संस्था उभारली त्यांनी तप केले, म्हणून आज वास्तू उभी आहे, निधी आहे, प्रतिष्ठा आहे. सुवर्णमहोत्सव हा एक प्रकारे वर मागण्याचा क्षण आहे. येथून पुढे संस्थेने राज्य मागायचे, म्हणजे अधिक वास्तू, अधिक पदे, अधिक अधिकार. की असे काही मागायचे ज्याने येथे येणाऱ्या माणसाचा 'मी' थोडा कमी होईल? दोन्ही वर मिळतात. म्हणूनच मागताना जपायला हवे.

एक लहानशी सूचना करून थांबतो. येत्या संवत्सरीला संदेशांची यादी करताना पहिले नाव त्याचे लिहा, जे लिहिताना हात थबकतो. त्याच्या घरी संदेश न पाठवता स्वतः जा. दार उघडले नाही तरी चालेल. थेंब जमिनीला लागू दिला नाही, एवढे समाधान पदरी पडेल. आणि हे करताना मनात 'बघा, मी किती मोठेपणा दाखवला' असा विचार आला, तर समजा की महिषाने रूप बदलले आहे, आणि शस्त्रही बदलायला हवे.

 बोलण्याच्या ओघात जिनवचनाच्या विपरीत काही बोलले गेले असल्यास मिच्छा मि दुक्कडं.

जय जिनेंद्र!